पुन्हा पहिला अंक

तात्यापारा मोहल्ल्यातल्या वासुदेवरावांना अक्षरं कळली ती साठी उलटल्यावर, नातीमुळे. सात वर्षांच्या कौमुदीने आपल्या कॉमिकच्या पहिल्या अंकावर त्यांचं बोट धरून फिरवलं होतं. पुढे ती मोठी झाली, बँकेत लागली. आजोबांचा मात्र एकही अंक चुकला नाही.

आज बँकेतून येताना तिने नवा अंक आणला. मुखपृष्ठावर पुन्हा मोठा एक होता.

"काहून वं? शंभरच्या वर गेले होते ना?"

"नई शुरुआत है, आबा. पुराना सब कॅन्सल."

त्यांनी अंक उघडला. चित्रं कळत होती. संवादांच्या फुग्यांत मात्र नुसत्या काळ्या मुंग्या बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला. सकाळी अथपासून इतिपर्यंत वाचलेला पेपर पुन्हा हातात घेतला. त्यातही मुंग्याच.

"कौमुदी, मले वाचताच येऊन नाही राहिलं."

"हव आबा, मैं सिखाती हूँ ना," शेजारच्या खुर्चीतून ती म्हणाली आणि तिने त्यांचं बोट धरलं.

वासुदेवरावांनी मान वळवली. बँकेचं ओळखपत्र तिच्या गळ्यातच होतं. खुर्चीतून लोंबणारे तिचे इवले पाय मात्र जमिनीला टेकत नव्हते.