तळघरातली रेघ

पडद्यावर भूकंप चालूच होता. टेबलावरच्या कपातला चहा मात्र ढिम्म हलत नव्हता.

तीस वर्षं त्या भूकंपमापकाची देखभाल केलेले सासरे वेधशाळेच्या तळघरात स्टुलावर बसून होते. नव्या संगणकाला जोडल्यापासून यंत्र नुसतं बरळत होतं. बाराच्या आत रेघ नीट आली तर ठेवू, नाहीतर टेम्पो येईल आणि भंगारात जाईल, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. पावणेबारा झाले होते.

"बाबा, दुखणं कळलंय मला," सून म्हणाली. यंत्राचं बोलणं संगणकाला समजावणारा ड्रायव्हर तिने लिहिला होता. "यंत्र प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत पाठवतं, मोठा तुकडा आधी. संगणक धरतो धाकटा आधी. ते सतरा म्हणतं, हा एकाहत्तर ऐकतो. सकाळीच मी ड्रायव्हरमध्ये तुकडे उलटे केले. तरी हे असंच!"

सासऱ्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"आलेखाचा प्रोग्रॅम माझा आहे ना... त्यात मीही सकाळीच उलटे केले. म्हटलं, तुझ्या डोक्याला आणखी ताप कशाला."

सुनेने कपाळावर हात मारला. तिनेही त्यांना त्रास नको म्हणूनच सांगितलं नव्हतं. एकाने सरळ केलेलं दुसऱ्याने पुन्हा उलटं केलं होतं. एका घरात राहून ही तऱ्हा!

"माझं राहू द्या. तुमचं काढा."

त्यांनी एक ओळ पुसली. पडद्यावरचा कल्लोळ थांबला आणि सरळ, मुकी रेघ उरली.

"गेलं," सासरे पुटपुटले.

सुनेने रेघ मोठी केली. आणखी मोठी केली. ती सरळ नव्हतीच. सावकाश वर जात होती, खाली येत होती, सहा-सात सेकंदांनी पुन्हा वर.

सासरे उठून उभे राहिले. "समुद्र आहे हा. लाटांची थरथर."

"बाबा, समुद्र इथून हजार किलोमीटर लांब!"

"म्हणून तर इतकी बारीक."

तिने पायाखाली पाहिलं. ही फरशी तिने रोज तुडवली होती, आणि ती सगळा वेळ अशी हलत होती.

एकाएकी रेघेला उंच टोकं फुटली. दारात टेम्पोवाला उभा होता.

"न्यायचंय ते कुठंय?" त्याची नजर पडद्यावर गेली. "हे काय?"

"तुम्ही. आत्ता जिना उतरलात ना," सून म्हणाली.

"आणि ते बारीक बारीक?"

"समुद्र."

टेम्पोवाला बराच वेळ बघत राहिला. मग त्याने वाकून बूट काढले, हातात घेतले आणि एकेक पायरी जपून चढत वर निघून गेला.