आईच्या चपला

आईची तेरवी उरकल्यावर तिसरीतली चेतना आमगावजवळच्या शाळेत परतली ती आईच्या चपला घालूनच. मोठ्या असल्यानं त्या फटफट वाजत होत्या. मुलं हसली, पण तिनं मान वर केली नाही. मधल्या सुट्टीत ताटातली खिचडी गार झाली. वर्गशिक्षिका अल्का मॅडम शेजारी येऊन बसल्या. "आईच्या चपला काऊन घातल्या, बेटा?" "घरी कोणीच घालून नाही राहिलं." मॅडमनी रिबन कापून चपला तिच्या पायांना बांधून दिल्या. चेतना हळूच म्हणाली, "मामी म्हणते, माय मेली तरी पोट्टी रडली नाही. मले रडूच येऊन नाही राहिलं. मी खराब आहो का?" "नाही. कोणाले उशिरा येते. नाही आलं तरी चालते." घंटा झाली. मुलं वर्गात गेली. मॅडम उठल्या नाहीत. चेतनानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. डोळे कोरडेच होते.