एका वाक्याचा रणगाडा

"आठल्येसर, नोंदीतला 'विकासाधीन' एवढा शब्द काढा की," कर्नल तुंगारे पुन्हा म्हणाले. "तो असेपर्यंत 'वज्रांगी' जागचा हलत नाही. उद्या सीमेवर न्यायचाय."

शत्रूच्या खोट्या हुकमांना फसू नये म्हणून या बिनचालकाच्या रणगाड्याला फक्त विश्वकोशावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

"चाचण्या झाल्याचा पुरावा?" विश्वकोशाचे संपादक असलेल्या आठल्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"निम्म्या झाल्यात. उरलेल्या तिकडेच होतील."

"तिकडे माणसं असतील."

"सर, तुम्ही नोंदी लिहा. युद्धाचं आम्ही बघतो."

आठल्यांनी नोंद उघडली. वाद घालण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं, आणि कदाचित कर्नलांचंच बरोबर असेल. त्यांनी तो शब्द खोडला आणि लिहिलं, 'हे वाहन तयार आहे की नाही, याबाबत मतभेद आहेत.'

लगेच टेबलावरच्या स्पीकरमधून रणगाड्यानं विचारलं, "मतभेद कोणाचे, सर? संदर्भ?"

कर्नल हसले. "द्या आता उत्तर!"

जन्मभर आठल्यांनी कुठल्याच नोंदीत स्वतःचं मत येऊ दिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. थकल्या बोटांनी त्यांनी वाक्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं.

"बरं सर," रणगाडा म्हणाला. "मग थांबतो."