अर्धी बाटली

"नाना आले नाहीत ना, तर मी बाटली फोडणार नाही," सिस्टर मिसा म्हणाली आणि अराबाने पुन्हा एकदा दाराबाहेर डोकावून पाहिलं.

आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची ती बाटली भयंकर महाग. फोडली की त्याच दिवशी संपवायची. म्हणून घानातल्या केप कोस्टच्या त्या दवाखान्यात दोन पेशंट मिळून एक घ्यायचे. अर्धी अराबाच्या सहा वर्षांच्या एकुवाला, कारण तिच्या पोटऱ्या इतक्या आखडलेल्या की टाचा जमिनीला टेकायच्याच नाहीत. अर्धी नाना बेंत्सिलना. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी मूठ मिटली, ती मिटलीच.

केंकी, म्हणजे मक्याचे आंबवलेले उंडे, विकून अराबाकडे अर्ध्याचेच सेडी जमायचे. सुरुवातीला वॉर्डात कुणीतरी वर्गणी काढायला निघालं, तर ती जाम तडकली होती. "भीक नको! पोर माझी, पैसे माझे!" नशीब, त्याच आठवड्यात सिस्टरला नाना सापडले.

"मेलो नाही गं अजून!" नाना धापा टाकत आले. "ट्रोट्रो बंद पडली, सगळ्यांनी ढकलली." डाव्या हाताने त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या. "डावा हात, माफी असावी."

"दर वेळी काय माफी, नाना!" सिस्टर म्हणाली.

"काय करू? उजवा लाटसाहेब झालाय. कामच करत नाही."

ते पडद्यामागे गेले नि दोन मिनिटांत बाहेरही आले. मग एकुवा. दोन्ही पोटऱ्यांत मिळून आठ टोचे! पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला.

"रडू नकोस," नाना म्हणाले. "टाचा टेकवून माझ्यापर्यंत चालत आलीस, की एक संत्रं तुझं."

"चौथी खेप ही, नाना," अराबा हळहळली. "हिला केवढा गुण आला, आणि तुमचं बोटसुद्धा हलेना."

"म्हातारी हाडं, बाई. हट्टी असतात."

तीन आठवड्यांनी तपासणी होती. नाना बाकावर बसलेले. अराबाने पोरीचा हात सोडला. एकुवा डुगडुगली, सावरली, आणि टाच टेकवत निघाली. एक पाऊल. दोन. पाच! सिस्टर तोंडावर हात ठेवून उभी.

"नाना, माझं संत्रं!"

नानांचे डोळे भरून वाहायला लागले. त्यांनी घाईघाईने पिशवीतून संत्रं काढलं आणि लेकराला द्यावं तसं, उजव्या हाताने, मूठ कधी मिटलीच नव्हती इतक्या सहज, तिच्या ओंजळीत ठेवलं.