कर्जतच्या मिसेस ठोंबरे

पदू गायकरने दार उघडलं, तर समोर नामा ठोंबरे. हातात पिशवी, काखेत पुठ्ठ्याचा खोका, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. कर्जतहून मोहोपाड्याला यायचं तर वाटेत एस.टी. बदलावी लागते. गेल्या सतरा वर्षांत नामा एकदाही आला नव्हता.

"आत येऊ का रं?"

पदू बाजूला झाला.

कारखान्याच्या वसाहतीतली दोन खोल्यांची जागा. पदू एकटा राही. भिंतीकडेला तीन फळ्या भरून एलपी लावलेल्या होत्या, सगळ्या जुन्या जॅझच्या. मूळ तबकड्या आता कुठे मिळत नसत. कंपन्या तेच संगीत नव्या रेकॉर्डवर काढत आणि पदू मुंबईला खेपा घालून त्या हुडकून आणी.

नामाने पुन्हा पुन्हा फळ्यांवरून नजर फिरवली. "लई जमवल्यास."

"पहिल्या सहा गोऱ्या साहेबानं दिल्या. कारखाना उभारायला आलेला, परत जाताना देऊन गेला. मग नाद वाढला."

नाद लागला होता तो मात्र दोघांना एकदमच. चौपन्न साली दोघं मुंबईच्या एका हॉटेलात कामाला होते, नामा लिफ्टवर आणि पदू भांडी घासायला. संध्याकाळी वरच्या मजल्यावर बँड वाजे. फेलिसियो मास्तरांनी ट्रंपेट ओठांना लावलं की पदूच्या हातातलं ताट तसंच राही. त्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली, तीही मोजक्या प्रतींची. मास्तरांनी त्यातली एक नामाला दिली, रोज अदबीने वर नेतो म्हणून. पुढे बँड मोडला, मास्तर वारले. रेकॉर्ड नामाच्या घरी राहिली आणि पदू दर रविवारी ती ऐकायला कर्जतला जाऊ लागला.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर ती नाहीशी झाली. पदूखेरीज बाहेरचं कुणी घरात आलं नव्हतं. नामाने त्याला भर बाजारात, चार माणसांत चोर म्हटलं. पदूने उलटून एक शब्द काढला नाही. टोपी सारखी केली आणि स्टँडकडे चालू लागला.

नामाची बायको सोनाबाई तेवढी हे मानायला तयार नव्हती. "पदूभावजी असं करनार नायत," ती म्हणे. नवऱ्याने डोळे वटारले तरी म्हणे. दर संक्रांतीला ती एस.टी.च्या कंडक्टरकडे तिळगुळाची पुडी देई आणि ती पुडी पदूला पोचे. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा पदू स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि कुणाला न भेटता परतला.

नामाने खोका उघडला. आतून टेपरेकॉर्डरसारखं एक यंत्र निघालं.

"गजानं आनलं. मस्कतला हाय ना पोरगा. ही सीडी म्हनतात." त्याने चकचकीत चकती दोन बोटांत धरली. "मुंबईतल्या हॉटेलांचे जुने बँड भरलेत हिच्यात. लंडनला काढलीय. ऐक."

त्याने सातवं गाणं लावलं. ट्रंपेट सुरू झालं. जुनी खरखर कुठेच नव्हती. मास्तर जणू शेजारच्या खोलीत उभे राहून वाजवत होते. पदूने डोळे मिटले.

मग मध्येच टक, टक, टक.

कर्जतला एकदा रेकॉर्ड वाजत असताना सोनाबाईच्या केरसुणीचा धक्का लागून सुई घसरली होती. तो ओरखडा जायचा नव्हता. लंडनवाल्यांनाही तो पुसता आला नव्हता.

"वळखलंस?" नामा म्हणाला. "माझीच रेकॉर्ड हाय ती."

"हां."

"सोबत पुस्तक आलंय. कुनाची रेकॉर्ड कुठनं मिळाली, सगळं छापलंय. गजानं वाचून दाखवलं."

पदूने पुस्तिकेला हात लावला नाही. "काय छापलंय?"

"कर्जतच्या मिसेस ठोंबरे यांजकडून सप्रेम भेट. एकोनीसशे एकाहत्तर."

खोलीत ट्रंपेट वाजत राहिलं. नामा खुर्चीवरून उठला आणि पदूच्या पायाशी वाकू लागला. पदूने त्याचे खांदे धरले.

"हे काय करतोस रं?"

"मला वाकू दे. सतरा वर्सं तुला चोर म्हनलो. काल बाजारात सगळ्यांना सांगून आलो, पदू गंगेसारखा निर्मळ हाय. चोर माझ्याच घरात होता."

"वहिनी कशाला देतील?"

"तिला त्या आवाजाचा वीटच होता. माहेर कर्जतजवळच्या कोंडाण्याचं, तिथं लेनी बघायला गोरे यायचे. दिली असंल कुना बाईला हौसेनं." नामाचा आवाज चिरकला. "आनि मला वाटायचं, किती भोळी हाय! पदूभावजी असं करनार नायत, पदूभावजी असं करनार नायत. करनार कसे? तिला ठाऊकच होतं की! मरताना सुदिक तेच म्हनली, पन खरं सांगितलं नाय. चाळीस वर्सं संसार केला मी तिच्याबरोबर."

पदूने पुस्तिका बाजूला सारली.

"फोटो उतरवला भिंतीवरनं," नामा म्हणाला. "सुनेला सांगितलं, माळ्यावर टाक. वर्षश्राद्धबी घालनार नाय." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "जाऊ दे. आता दर रविवारी मी येतो हितं. हे यंत्र तुझ्याकडंच ठेव. दोघं ऐकू, पयल्यासारखं. येऊ ना?"

पदू उठला. यंत्राची कळ त्याला लवकर सापडेना. सापडली, तेव्हा त्याने ट्रंपेट मध्येच बंद केलं आणि तो नामाकडे पाठ करून उभा राहिला.

"वहिनींचा फोटो परत लाव, नामा."

"का म्हनून?"

"आमचा साहेब जाताना म्हनला, घरच्यांची संमती असंल तरच रेकॉर्ड घेईन. तवा मीच त्याला सांगितलं, मिसेस ठोंबऱ्यांनी भेट दिलीय."