मीठ खाल्लेला पाहुणा

सायकलवरून जग बघायला निघालेला परदेशी आमच्या तंबूत जेवून काराकुम वाळवंटाच्या वाटेला लागला. मेंढ्या चारून परतलेला माझा भाऊ बेर्दी हे ऐकताच तलवार घेऊन घोड्यावरून त्याला लुटायला धावला. बाबांनी आणि मी घोडे दामटले. वाटेवरच्या विहिरीपाशी पोचलो, तेव्हा पाहुण्याच्या खांद्यातून रक्त वाहत होतं. “सोड त्याला! आपलं मीठ खाल्लंय त्यानं,” बाबा ओरडले. बेर्दी हसला. “मग तेच वसूल करतोय, बाबा!” त्यानं पुन्हा तलवार उगारली. बाबांनी गोळी झाडली. बेर्दी वाळूत कोसळला. पाहुण्याला तो आमचा कोण, ठाऊक नव्हतं. त्यानं धड हातानं कॅमेरा काढला आणि बाबांना प्रेताच्या छातीवर पाय ठेवून उभं राहायची खूण केली. बाबांनी खाली बसून बेर्दीचं डोकं मांडीवर घेतलं. “पोरी, पाहुण्याची जखम बांध,” मला म्हणाले. “आईला मी सांगतो.”