नाव विचारलं नव्हतं

*एकूण ओळी : ६१२*

"मॅडम, तुम्ही नाव तर कोणाचंच विचारलं नाहीत. मग घाबरता कशाला?" उपप्राचार्य म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

संशोधक बाई पुढे वाकल्या. समोर अहवाल नव्हता, मूळ फाइल होती. कॉलेजातल्या लैंगिक छळाबद्दल विद्यार्थ्यांनी भरून दिलेले फॉर्म, जसेच्या तसे. एका फॉर्मची एक ओळ. तिच्याकडे दोन फाइली होत्या. एक 'अंतिम', दुसरी 'अंतिम-खरी'. दुसरीत तिने पाचांहून लहान गट एकमेकांत मिसळून टाकले होते, म्हणजे कोणी खोदलं तरी हाती काही लागू नये. काल घाईघाईत कॉलेजला पहिली गेली.

"भाऊसाहेब, करा सुरू. एकेक चाळणी लावा."

भाऊसाहेब म्हणजे कार्यालयातले जुने कारकून. प्रवेशापासून ओळखपत्रापर्यंत प्रत्येक विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेलेला.

*मुली : ३४४*

"सर, ती फाइल चुकून आलीय. अहवाल पाठवते ना मी. आत्ता, पाच मिनिटांत."

"अहो, आली ते बरंच झालं. अहवालात काय, टक्केच टक्के. टक्क्यांना काय समोर बसवून चहा पाजायचा?"

भाऊसाहेब हसले. साहेब बोलले की हसायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय.

"मी शब्द दिलाय सर, सगळ्यांना."

"मग आम्ही काय वैरी आहोत? मदतच करायचीय तिला."

तिला? कोणाला? स्क्रीनवर अजून तीनशे चव्वेचाळीस जणी होत्या.

*मायनिंग विभाग : ३*

आता सगळ्या ओळी एका नजरेत मावत होत्या. संशोधक बाईंनी पाणी प्यायलं.

*तिसरं वर्ष : १*

राहणं, वसतिगृहात. प्रकार, बळजबरी. कोणी, शिक्षकाने. कुठे, शिबिरात. कोणाला सांगितलं, कोणालाच नाही.

भाऊसाहेबांचा हात माउसवरून उठला. हसू कुठल्या कुठे गेलं.

"बोला की," उपप्राचार्य म्हणाले.

"मायनिंगच्या तिसऱ्या वर्षाला मुलगी एकच आहे, सर." भाऊसाहेब खाली बघत होते. "परवाच दाखला न्यायला आली होती."

"पाठवून द्यायला सांगा. आणि मॅडम, शिबिराला जातात ते शिक्षक दोनच. दोघंही माझ्या घरी येणारे-जाणारे. असलं बालंट आधी घरातल्या घरात बघितलेलं बरं, नाही का?"

भाऊसाहेबांनी फोन लावला, दोन वाक्यं बोलले, ठेवला. मायनिंगची इमारत मैदानापलीकडे. चालत यायला सात मिनिटं.

ती येणार. या खुर्चीत बसणार. समोर हे. घरातल्या घरात.

सहा मिनिटं.

*वजा एक*

"सर, ती ओळ माझी आहे."

"म्हणजे?"

"मी भरलीय. फॉर्म नीट चालतोय का ते बघायला आधी एक खोटी नोंद करतात. काढायची राहून गेली." वाक्य इतकं सफाईने बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"खोटी नोंद."

"हो."

"तुमच्या अभ्यासात."

"हो."

उपप्राचार्य खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. तीन वर्षं ती वसतिगृहांचे जिने चढत होती, एकेकीला पटवत होती. भर गं, खरं तेच लिही, कोणाला कळणार नाही.

"मग लिहून द्या तसं." त्यांनी कोरा कागद आणि आपलं शाईचं पेन पुढे केलं. "खोट्या नोंदी किती, ती जागा मोकळी सोडा. आम्ही भरू सावकाश."

तिने लिहिलं, मायनिंग तिसऱ्या वर्षाची नोंद खोटी, खोट्या नोंदी १. पुढे लिहिलं, अक्षरी फक्त एक. पुढच्या मोकळ्या जागेवर रेघ ओढली, सही केली.

"हट्टी आहात." त्यांनी त्या रेघेकडे बघत कागद आपल्याकडे सरकवला. "असू दे. एक खोटी निघाली, मग बाकीच्या सहाशे अकरांची हमी कोण देणार? भाऊसाहेब, त्या मुलीला सांगा, येऊ नकोस."

भाऊसाहेबांनी फोन उचलेपर्यंत दार वाजलं.

मुलीला धाप लागली होती. मैदान पळत ओलांडलेलं दिसत होतं. तिने उपप्राचार्यांकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या बाईंकडे, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"तुम्ही त्या फॉर्मवाल्या मॅडम ना?"

संशोधक बाईंनी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"काही नाही बाळ, चुकून बोलावलं," उपप्राचार्य म्हणाले. "जा तू, तास बुडेल."

ती हलली नाही. तिने ओढून दार लावून घेतलं.

"चुकून नाही सर. तो फॉर्म माझाच आहे." आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "भरून चार महिने झाले. मला वाटलं, कोणी वाचतच नाही. आता विचारा, मी सगळं सांगते. नावासकट."

भाऊसाहेबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, अजिबात आवाज न करता.

उपप्राचार्यांनी टेबलावरचा कागद उचलला, सही वाळावी म्हणून त्यावर हलकेच फुंकर घातली, आणि मुलीच्या हातात दिला.